डावीकडचे तीन आठवडे

“हेरंबदादा, ह्यातलं मी बघितलं तर चालंल?”

यशोदा मुसळे माझ्या संगणकावरच्या एका फोल्डरकडे बोट दाखवत होती. त्या फोल्डरचं नाव मीच ठेवलं होतं, ‘भंगार’. चार वर्षांत बिघडलेले जेवढे प्रयोग मी बाजूला फेकले होते ते सगळे त्यात होते, दोनशेच्या वर.

“त्यात काय बघणार तू? मणी काचेला चिकटलेत, धागे तुटलेत.”

“टाकूनच दिलंय न्हवं? मग मी घेतो.”

ती इचलकरंजीची. तिकडच्या मुली ‘मी घेतो, मी जातो’ असंच बोलतात, आणि पुण्यात येऊन तीन महिने झाले तरी तिनं ते बदललं नव्हतं. घरी सुताला पीळ देण्याचा कारखाना. पहिल्याच दिवशी ओळख करून देताना तिनं हे सांगितलं, तेव्हा आम्ही सगळे कौतुकानं हसलो होतो. मी पीएचडीच्या पाचव्या वर्षाला होतो आणि ती पहिल्या. मी मोठ्या मनानं “घे” म्हणालो. अशा वेळी मन मोठं करायला काहीच लागत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही डीएनएला पीळ द्यायचो. पेशीमध्ये डीएनएचा धागा मोकळा नसतो. प्रथिनांच्या बारीक गोळ्यांभोवती पावणेदोन-पावणेदोन वेढे घेऊन तो गुंडाळलेला असतो, आणि हे वेढे नेहमी डावे असतात. पेशीला तो धागा वाचायचा असला की तो पिळवटला जातो. मग त्या पिळाचं हे गोळे काय करतात, असा आमचा प्रश्न होता. धाग्याचं एक टोक काचेवर चिकटवायचं, दुसऱ्या टोकाला लोखंडाचा अंश असलेला एक अतिसूक्ष्म मणी लावायचा आणि वर दोन चुंबकं ठेवायची. चुंबकं फिरवली की मणी फिरतो आणि धाग्याला पीळ बसतो. नुसता धागा असला तर थोड्याच फेऱ्यांत तो स्वतःत गुंतून आखूड होतो आणि मणी खाली येतो. गोळ्यांसकट असला तर कितीतरी फेऱ्या मुकाट्यानं पचवतो.

हे यंत्र मी बांधलं होतं. त्यातला एकेक स्क्रू माझ्या हातचा होता आणि ते मी भेटेल त्याला सांगत असे. पण ‘धागा पीळ पचवतो’ हे परदेशातल्या लोकांनी आमच्या आधीच छापून टाकलं होतं. मला नवं काही सापडत नव्हतं. आमच्या धंद्यात शोधनिबंधावर पहिलं नाव ज्याचं, त्याच्याच नावानं तो निबंध ओळखला जातो. पहिलं नाव म्हणजे पुढची नोकरी, पुढची लॅब, सगळंच. माझ्या नावावर तोपर्यंत असा एकही निबंध नव्हता.

महिन्याभरानं देवस्थळी मॅडमनी मला आत बोलावलं. लॅब त्यांची होती आणि आम्हां दोघांच्या मार्गदर्शकही त्याच. यशोदा आधीच तिथे बसली होती. टेबलावर आलेख पसरले होते.

“हेरंब, हे बघ. तुझ्याच डेटातलं आहे.”

आलेखावर प्रत्येक ठिकाणी दोन रेषा होत्या, एक पीळ देतानाची आणि एक काढतानाची. त्या एकमेकींवर बसायला हव्या होत्या. बसल्या नव्हत्या.

“हे मी टाकून दिलेले आहेत मॅडम. मणी चिकटला की असं होतं.”

“मला बी आधी तसंच वाटलं,” यशोदा म्हणाली. “पण मणी चिकटला असता तर कसाबी चिकटला असता. दोनशेतले असे हे एकतीस आहेत, आणि एकतीसच्या एकतीस उजवा पीळ जास्त झाल्यावरच बिघडलेत. डाव्या पिळाला एकबी न्हाई. आणि थोडा वेळ थांबलं की परत जाग्यावर येतंय.”

“म्हणजे काय, कळतंय ना?” मॅडमचा आवाज चढला होता. त्यांचा आवाज माझ्या कुठल्याही कामानं असा कधी चढला नव्हता. “उजवा पीळ सहन होईना की गोळा आपले डावे वेढे उलटवून उजवे करून घेतो! आणि पीळ काढला तरी लगेच परतत नाही. पेशी पीळ लक्षात ठेवते म्हण ना.”

मी त्या एकतीस आलेखांकडे बघत राहिलो. ते सगळे मी स्वतः, माझ्या बोटानं उचलून भंगारात टाकले होते.  शोध हुकला याचं दुःख होतंच, पण तो हिला सापडला याचं जास्त होतं. एखाद्या जर्मनाला सापडला असता तर मी दोन दिवस हळहळलो असतो आणि कामाला लागलो असतो.

“मॅडम, डेटा माझा आहे,” मी म्हणालो.

“डेटा तुझा होता. तू तो टाकून दिलास.” मॅडम कागद गोळा करू लागल्या. “आता हे सगळं नव्यानं, स्वच्छ करून दाखवायचं. यशोदा करेल. तू तिला यंत्र शिकव. महिन्यानं मीटिंग ठेवू. निबंधावर पहिलं नाव तिचं, तुझं दुसरं.”

“शिकवतो,” मी म्हणालो. तोंडावर हसूसुद्धा आणलं.

आता त्या यंत्राची एक गोष्ट सांगायला हवी. मार्चमध्ये त्याची मोटर जळली होती. नवी मोटर मी जोडली, तेव्हा वायरी उलट्या लागल्या. पडद्यावर ‘उजवीकडे वीस फेऱ्या’ असं दिलं की चुंबकं डावीकडे वीस फेऱ्या फिरायची. खोका उघडून वायरी बदलायचा मला कंटाळा आला. मी माझ्या आकडेमोडीच्या प्रोग्राममध्ये एक वजा चिन्ह टाकलं आणि मोकळा झालो. वहीत काही लिहिलं नाही. यंत्र माझ्याशिवाय कुणी वापरत नव्हतं, त्यामुळे ते माझ्या डोक्यात असलं तरी पुरत होतं.

आणि अशी चूक पकडायला आमच्याकडे सोमवारची तपासणी असायची. सकाळी नुसता धागा लावायचा, जोरानं ताणून धरायचा आणि पीळ द्यायचा. इतक्या ताणात उजवा पीळ दिला तर मणी खाली येतो, डावा दिला तर जागचा हलत नाही. पाच मिनिटांचं काम असतं, पण चुंबकं खरी कुठल्या बाजूला फिरतायत हे त्यातून कळतं.

पहिल्या सोमवारी तपासणी मी केली. मणी हलला नाही, म्हणजे वायरी उलट्याच होत्या. मला ते माहीतच होतं. यशोदा दहा वाजता आली, पाठीवरची सॅक ठेवता ठेवता तिनं विचारलं,

“दादा, तपासणी झाली?”

“झाली.”

यात खोटं एक अक्षर नव्हतं. हे मी मनाशी किती वेळा म्हटलं त्याची गणती नाही.

तिनं धागा लावला, गोळे चढवले आणि पडद्यावर उजवीकडे साठ फेऱ्या दिल्या. चुंबकं डावीकडे फिरली; आकडेमोडीचा प्रोग्राम तिनं स्वतःचा लिहिला होता, त्यात माझं वजा चिन्ह नव्हतं. जातानाची आणि येतानाची रेषा एकमेकींवर अगदी चपखल बसल्या. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. दुपारी डबा खातानाही ती आलेखच बघत होती.

“येईल,” मी तिला म्हणालो. “मलाही सुरुवातीला काही दिसायचं नाही.”

बुधवारपर्यंत सोळा प्रयोग झाले. एकातही दोन रेषांमध्ये फट दिसली नाही. मॅडम दारातून डोकावून जायच्या आणि विचारायच्या, “दिसलं का?” यशोदा मान हलवायची. मॅडमच्या कपाळावर आठी पडायची, आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन कपाटातल्या बाटल्या उगाच नीट लावत बसायचो. मला आनंद होत होता. सांगायला लाज वाटते, पण होत होता. चार वर्षांत त्या लॅबमध्ये मी इतका मजेत कधी नव्हतो.

सांगणार होतोच मी. रोज ठरवत होतो. उद्या सांगू, परवा सांगू. तिनं थोडं रडकुंडीला यावं, माझ्याकडे यावं, “दादा, मला जमत न्हाई” म्हणावं, मग मी खोका उघडून दोन मिनिटांत दुरुस्त करीन, आणि मॅडमना कळेल की हे यंत्र कुणाच्या हातचं आहे. एवढंच मला हवं होतं. पण ती येईना. रडेनाही. दुसऱ्या आठवड्यात तर ती गाणं गुणगुणत काम करायला लागली. धाग्याला दहा फेऱ्या, मग वीस, तीस, असं ऐंशीपर्यंत. मग ताण बदलून पुन्हा पहिल्यापासून. तिच्या वहीची पानं भरत चालली होती. बोटं तर अशी की ती दीड मिनिटात काच लावायची, मला पाच मिनिटं लागायची. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा मी विचारलंसुद्धा, “काही मिळत नाहीये तर एवढं का करतेस?”

“करून ठेवलेलं बरं असतंय दादा.”

तिसऱ्या सोमवारी तिनं पुन्हा विचारलं, “तपासणी झाली?” मी पुन्हा “झाली” म्हणालो. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असं मला वाटलं. पण आपल्या मनात काळंबेरं असलं की सगळेच आपल्याकडे जास्त वेळ बघतात.

शुक्रवारी दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात स्क्रू-ड्रायव्हर होता.

“दादा, मोटरचा खोका उघडायचाय. वायरी बदलतो.”

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिलो. “कसल्या वायरी?”

“उलट्या लागलेत न्हवं त्या.”

“असं?” मी म्हणालो. “बघायला पाहिजे.”

“बघितलंय मी. पहिल्याच गुरुवारी.” ती शेजारचं स्टूल ओढून बसली. “गोळ्यांचे वेढे डावे, म्हणजे आलेखाचा माथा, धागा सगळ्यात लांब असतोय ती जागा, डावीकडं पाहिजे. माझा उजवीकडं यायला लागला. आमच्याकडं सुताला पीळ उलटा बसला तर आई नुसतं बोटात धरून सांगती. मला वाटलं मीच काहीतरी चुकलो. मग तुम्ही चहाला गेलात तवा मी तपासणी करून बघितली. मणी हललाच न्हाई.”

“मग त्याच दिवशी का नाही बोललीस?”

“तुमचा प्रोग्राम बघितला. त्यात मार्चपासून वजा चिन्ह आहे.”

 मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मीही ओरडलो असतो, यंत्र माझं, डेटा माझा, चार वर्षं माझी.

“तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो,” ती म्हणाली. “आज सांगतील, उद्या सांगतील. मग म्हटलं, नुसतं कशाला थांबायचं? डावीकडचं बी कधीतरी करायलाच लागणार होतं. उजव्या पिळालाच गोळे उलटतात, डाव्याला न्हाई, असं म्हणायचं तर डाव्याचं दाखवायला नको? ते सगळं झालंय आता. एकशेवीस धागे.”

  मी तीन आठवडे तिची वाट अडवून बसलो होतो, आणि तिनं तेवढ्यात निबंधाचा अर्धा भाग उरकला होता.

“खोका उघडता का?” तिनं विचारलं. “तुमचं मशीन आहे. मला हात लावायला बरं वाटत न्हाई.”

मी उठलो, खोका उघडला, वायरी बदलल्या. दोन मिनिटं लागली. तिनं नुसता धागा लावून तपासणी केली. मणी सरळ खाली आला. त्याच संध्याकाळी, पाच वाजायच्या आत, गोळ्यांच्या पहिल्या धाग्यावर पंचेचाळिसाव्या फेरीनंतर फट दिसली, आलेखात कुणालाही दिसावी इतकी रुंद. ती आनंदानं ओरडली आणि मॅडमच्या खोलीकडे पळत गेली. मी तिथेच उभा होतो. मला ती फट आवडली नाही.

पुढच्या आठवड्यात मीटिंग झाली. लॅबमधली सातआठ जणं, टेबलावर चहा आणि क्रीमची बिस्किटं. यशोदानं उजवीकडचं दाखवलं, मग डावीकडचं. मॅडम पुढे सरकून बसल्या होत्या.

“हे डावीकडचं इतकं केव्हा केलंस? मला वाटत होतं तुला काही मिळतच नाहीये.”

यशोदा थांबली. मी वहीत खाली मान घालून एक चौकोन काढत होतो आणि त्याच्या आत दुसरा.

“तीन आठवडे तेच केलं मॅडम,” ती म्हणाली.

“आधी डावीकडचं? का?”

पुन्हा ती थांबली. माझ्या चौकोनात तिसरा चौकोन झाला.

“हेरंबदादा म्हणाले, आधी डावीकडचं करून घे. मग उजवीकडचं दिसलं तर कुणाला शंका राहत न्हाई.”

मी मान वर केली तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मॅडमचा चेहरा उजळला होता. पाच वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं, आणि खरं सांगतो, एक क्षणभर मला ते फार गोड वाटलं.

“याला म्हणतात सीनिअर,” मॅडम म्हणाल्या. “बघा, शिका. आणि असं असेल तर यशोदा, मला निबंधाचं पुन्हा बघावं लागेल. प्रयोगाचा आराखडा त्यानं दिला म्हणजे अर्धं काम त्याचं. पहिलं नाव दोघांचं, बरोबरीनं. आडनावाच्या क्रमानं लावू. चालेल ना?”

“चालंल की,” ती म्हणाली.

आडनावाच्या क्रमानं म्हणजे आधी माझं गद्रे, मग तिचं मुसळे. दोघांच्या नावांवर एक-एक फुली येते आणि तळाला बारीक अक्षरांत लिहितात की दोघांचा वाटा सारखा. ते कुणीही वाचत नाही.

मी जिन्यात तिला गाठलं.

“का केलंस हे? मी मागितलं होतं का तुझ्याकडे?”

“मग काय सांगायचं होतं?” ती पहिल्यांदाच चिडली होती. “मॅडमनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी थांबलो, तुमच्याकडं बघितलं. तुम्ही वहीत काय काढत होता कुणास ठाऊक. खरं सांगितलं असतं तर मॅडमनी तुम्हाला त्याच दिवशी लॅबच्या बाहेर काढलं असतं. मग उद्या मशीन बिघडलं तर मी कुणाला विचारू?”

“फक्त म्हणून?”

“आणि कशासाठी?” ती म्हणाली आणि दोन दोन पायऱ्या टाकत खाली गेली.

मी अजून जाऊन मॅडमना सांगू शकलो असतो. त्यांची खोली वीस पावलांवर होती. मी तिथे गेलोही. त्या फोनवर होत्या. त्यांनी हातानं ‘बस’ अशी खूण केली, आणि मी ‘नंतर येतो’ अशी खूण करून परत फिरलो. मला तिचा राग येत होता. बोटांचा हेवा होताच, डोक्याचा होता, आणि आता तिनं मला सोडून दिलं याचाही होता. तिच्या जागी मी असतो तर काय केलं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं.

निबंध छापून आला. त्यावर मला जर्मनीत जागा मिळाली, तिथून परत आल्यावर इथे नोकरी. आता माझी स्वतःची लॅब आहे. मॅडम निवृत्त होऊन नाशिकला राहतात, दिवाळीला त्यांचा फोन येतो. यशोदाची लॅब हैदराबादला आहे, माझ्यापेक्षा मोठी. त्या घटनेला तेरा वर्षं झाली.

गेल्या डिसेंबरात बंगळूरच्या परिषदेत तिचं मुख्य व्याख्यान होतं. हॉल भरला होता. मी तिसऱ्या रांगेत. तिनं सुरुवातीलाच जुना आलेख लावला आणि म्हणाली, “गद्रे आणि इतरांनी दाखवल्याप्रमाणे.” जगभर त्या कामाला तसंच म्हणतात. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मी मात्र परिषदेच्या वहीत चौकोन काढायला लागलो होतो.

मध्येच एक वयस्क गृहस्थ उठले. “एक शंका आहे. गद्र्यांनी डाव्या पिळाचे प्रयोग इतके बारकाईनं आधी का केले? उजवीकडे काय दिसणार याची त्यांना आधीच कल्पना होती का?”

यशोदानं हॉलवरून नजर फिरवली. मी आलोय हे तिला माहीत होतं, सकाळी चहाच्या वेळी आम्ही बोललो होतो.

“ते इथंच बसलेत,” ती म्हणाली. “त्यांनाच विचारा.”

कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. मॅडम तिथे नव्हत्या. मला कुणी लॅबमधून काढणार नव्हतं, नोकरीवरूनही नाही. यशोदा मंचावर दोन्ही हात टेबलावर टेकून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. तिला काहीच घाई नव्हती.

“सावधगिरी म्हणून,” मी म्हणालो. “आमच्या लॅबची शिस्तच तशी होती.”

लोकांनी माना डोलावल्या. ते गृहस्थ “वा” म्हणून खाली बसले. यशोदानं आणखी क्षणभर वाट पाहिली, आणि मग पुढची स्लाइड लावली.